व्हिएतनामी मैत्रीण, आपला फॉरवर्ड आणि ले लाय

रानजाई

दर शिवजयंतीला आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर येतो. तुमच्याकडेही येत असणारच. व्हिएतनामने अमेरिकेला धूळ चारली, तेव्हा पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, आम्ही एका थोर राजाचं चरित्र वाचलं आणि त्याच्यासारखे लढलो. कोण तो राजा? छत्रपती शिवाजी महाराज! मग त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात येतात, दिल्लीतली ठिकाणं उरकून रायगडावर जातात आणि मूठभर माती सोबत नेतात. राष्ट्राध्यक्ष वारल्यावर त्यांच्या समाधीवर म्हणे लिहिलंय की इथे महाराजांचा एक मावळा विसावला आहे. शेवटी 'अभिमान वाटला तर पुढे पाठवा'.

आमच्या काकांनी यंदा तो टाकला आणि मला एकदम सुचलं, अरे, आपल्या ओळखीत एक व्हिएतनामी बाई आहे की!

ती हाय फोंगची. बंदराचं शहर, हनोईपासून पूर्वेला. एका भाषा शिकण्याच्या ॲपवर आमची गाठ पडली. दोघींनाही इंग्रजी बोलायचा सराव हवा होता, तिला बंदरातल्या नोकरीसाठी, मला मुलाखतींसाठी. सराव कधीच मागे पडला, आता आम्ही रोज काहीबाही लिहितो. तिच्या आईला भारत माहीत आहे तो बालवधूच्या एका हिंदी मालिकेमुळे. ती तिकडे व्हिएतनामी आवाजात तुफान चालली होती. आईचा पहिला प्रश्न होता, तुझंही लग्न आठव्या वर्षी झालं का?

तर मी तिला विचारलं, शिवाजी महाराज हे नाव ऐकलंयस का? तिने प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. गांधी माहीत, टागोर माहीत, नेहरू आजोबांकडून ऐकलेले. मी फॉरवर्डचा सारांश पाठवला. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "आमचे राष्ट्राध्यक्ष? कोणते?" आणि लगेच दुसरा संदेश, "आम्हाला लढायला शिकवणारे आमच्याकडे खूप होते गं. तुला कोणापासून सांगू?"

मी म्हटलं, पहिल्यापासून सांग.

पहिल्या निघाल्या दोन बहिणी. त्रुंग चाक आणि त्रुंग न्ही. इसवी सन ४० मध्ये चीनच्या हान सत्तेविरुद्ध उठल्या. थोरलीच्या नवऱ्याला चिनी सुभेदाराने मारलं होतं. बघता बघता ६५ ठाणी घेतली, थोरली राणी झाली, जेमतेम तीन वर्षं राज्य टिकलं. मग मा युआन नावाचा सेनापती मोठी फौज घेऊन आला. परंपरा सांगते की पराभवानंतर दोघींनी नदीत उडी घेतली. त्यांच्या सैन्यात बायका सरदार होत्या. त्यातली एक ले चान, तिने वसवलेलं गाव म्हणजेच आजचं हाय फोंग असं तिथे मानतात. शहराच्या मध्यभागी तिचा पुतळा आहे. मैत्रीण म्हणाली, "आम्ही भेटायची जागा ठरवतो ती तिच्या पायाशी."

मग तिने बाख दांग नदीवर नेलं, ती तर तिच्या शहराला लागूनच. इ.स. ९३८ मध्ये न्गो क्वेन याने या नदीच्या तळात लाकडी खुंट ठोकले, वर लोखंडी टोकं बसवली. भरतीला खुंट पाण्याखाली. लहान होड्या शत्रूच्या आरमाराला चिथवून आत ओढतात आणि पळायचं नाटक करतात. ओहोटी लागली की शत्रूची जड जहाजं खुंटांवर बसतात. संपलं. चीनची हजार वर्षांची सत्ता इथे संपली असं त्यांच्या शाळेत शिकवतात. आणि गंमत म्हणजे ३५० वर्षांनी, १२८८ मध्ये, त्रान हुंग दाओ या सेनापतीने त्याच नदीत, त्याच युक्तीने कुबलाई खानाचं आरमार बुडवलं! २०१९ मध्ये हाय फोंगजवळच्या एका शेतात असे जुने खुंट सापडले, त्यांचे फोटो तिने पाठवले. काळे पडलेले, हत्तीच्या पायाएवढे ओंडके.

हा त्रान हुंग दाओ तिचा सगळ्यात लाडका. त्याच्या वडिलांची बायको राजाने, म्हणजे सख्ख्या भावाने, हिरावून घेतली होती. वडील मरताना म्हणाले, माझ्यासाठी गादी घे. सैन्य हातात असूनही त्याने ती घेतली नाही. एका मुलाने 'घ्या की' असं सुचवलं तर त्याच्यावर तलवार उपसली. मंगोल चालून आले आणि राजाने विचारलं, शरण जाऊ का, तेव्हा त्याचं उत्तर होतं, आधी माझं डोकं उडवा, मग शरण जा. आज तो तिथे देव आहे. देवळं आहेत, अंगात येतं, नवस बोलतात.

एव्हाना मला काकांच्या फॉरवर्डचा विसर पडला होता. पण खरी गोष्ट पुढे आहे.

१४०७ मध्ये चीनच्या मिंग बादशहाने देश पुन्हा गिळला. १४१८ मध्ये थान होआ प्रांतातल्या डोंगराळ लाम सोन गावचा एक जमीनदार उठला, ले लोय. दोन वर्षं आधी त्याने १८ साथीदारांसोबत शपथ घेतली होती. (रायरेश्वर आठवलं ना? मलाही.) सुरुवातीची वर्षं नुसती पळापळ. ची लिन्ह डोंगरात अडकले, खायला काही नाही. पुढे एकदा तर ले लोयने स्वतःचा घोडा मारून सैनिकांना खाऊ घातला. अशाच एका वेढ्यात सुटायची वाट उरली नाही, तेव्हा त्याने विचारलं, माझा अंगरखा घालून कोण बाहेर पडेल? ले लाय पुढे झाला. राजाचा वेश करून, हत्तीवर बसून थेट शत्रूवर गेला, "मीच ले लोय" म्हणाला. मिंग सैन्याने त्याला पकडून हालहाल करून मारलं, वेढा सैलावला, खरा ले लोय निसटला.

मी कोल्हापूरची. पन्हाळा आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. हे वाचताना माझी अवस्था काय झाली असेल सांगा.

मी तिला शिवा काशीद सांगितला. १६६० चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, महाराजांसारखा दिसणारा नेबापूरचा न्हावी, पालखी, आणि शत्रूच्या छावणीत ओळख पटल्यावर आलेलं मरण. बाजीप्रभू आणि घोडखिंडही सांगितली. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही ले लाय आहे."

आणि मग विचारलं, "त्याची पुण्यतिथी राजाच्या आदल्या दिवशी करता का?"

मला प्रश्न कळेना. तिने सांगितलं ते असं. ले लोय जिंकला, राजा झाला, १४३३ मध्ये वारला. चांद्र आठव्या महिन्याच्या २२ तारखेला. पण त्याने सांगून ठेवलं होतं की माझं श्राद्ध करण्याआधी, आदल्या दिवशी, ले लायचं श्राद्ध करा. आजही तिथे म्हण आहे, एकवीस ले लाय, बावीस ले लोय. सहाशे वर्षं होत आली, आधी तो आणि मग राजा.

तुम्हाला काय वाटतं?

मीठभाकर

सुंदर! सकाळी कामाला लागण्याआधी पाच मिनिटं म्हणून उघडला आणि चहा गार झाला. ले लायची गोष्ट पहिल्यांदाच ऐकली.

सरळसोट

लेख छान, पण त्या फॉरवर्डने कोणाचं काय बिघडलं? महाराजांबद्दल चांगलंच लिहिलंय ना. चार पोरं वाचतात, त्यांना अभिमान वाटतो. खोटं असेल तर असू दे की. उगाच प्रत्येक गोष्टीची चिरफाड करायची फॅशन झाली आहे.

तर्कटी

@सरळसोट, चिरफाड फार करावीच लागत नाही. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. हो चि मिन्ह वारले २ सप्टेंबर १९६९ ला. मग 'अमेरिकेला हरवल्यावर' मुलाखत कोणी दिली? त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष तोन दुक थांग १९८० मध्ये गेले, हनोईच्या माय दिच स्मशानभूमीत त्यांना पुरलंय. हो चि मिन्हांचा देह हनोईत बा दिन्ह चौकातल्या स्मारकात ठेवलाय आणि दर्शनी भागावर फक्त 'अध्यक्ष हो चि मिन्ह' असं लिहिलंय. त्यांनी मृत्युपत्रात खरं तर दहन करा, अस्थी देशाच्या तिन्ही भागांत ठेवा असं सांगितलं होतं. ते कोणी ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

दुसरं म्हणजे हाच मजकूर राजस्थानात महाराणा प्रतापांच्या नावाने फिरतो. शब्दाला शब्द. तिकडे मंत्रीणबाई हळदीघाटीची माती नेतात. आता त्या बिचाऱ्यांनी किती गावची माती न्यायची?

मीठभाकर

@तर्कटी 😂 माझे जोधपूरचे सहकारी महाराणांवालाच पाठवतात. मी त्यांना आपला पाठवते. दोघंही खूश.

रानजाई

@सरळसोट, तुमचा मुद्दा मला समजतो. पण तो मजकूर पुन्हा एकदा वाचा. त्यात महाराजांचा एक किल्ला नाही, एक लढाई नाही, एक माणूस नाही. ना शिवा काशीद, ना रामचंद्रपंत अमात्य, ना रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका असं बजावणारं पत्र. त्यात आहे काय, तर परदेशी माणसाने दिलेलं प्रशस्तिपत्रक. महाराजांना त्याची गरज नाही, असं माझं मत. आणि ज्यांनी दोन हजार वर्षांत एवढी माणसं उभी केली त्यांच्या तोंडून 'आम्हाला आमचं काही नव्हतं' असं आपण वदवून घेतोय.

सायगावकर

सातारजवळच्या सायगावचा नव्हे, खऱ्या सायगॉनचा. हो चि मिन्ह सिटीत कामानिमित्त राहतो. धागा वाचून राहवलं नाही.

इथे वीरपुरुषांना टाळणं अशक्य आहे, कारण पत्ता सांगताना रोज त्यांचीच नावं घ्यावी लागतात. देशातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात हाय बा त्रुंग (म्हणजे त्या दोन बहिणी), त्रान हुंग दाओ, ले लोय, क्वांग चुंग या नावांचे रस्ते सापडतात. आमच्या शहरात ले लोय हा मोठा रस्ता बेन थान बाजारापाशी येऊन संपतो आणि बाजाराच्या पलीकडून ले लाय सुरू होतो. मी या दोन पाट्या वर्षानुवर्षं बघत होतो, दोघांचं नातं आज कळलं. धन्यवाद रानजाईताई.

आपली पर्यटक मंडळी ज्या भागात उतरतात, स्वस्त हॉटेलांचा, बिअरचा, त्या रस्त्याचं नाव फाम न्गू लाओ. हा त्रान हुंग दाओचा सेनापती. त्याची गोष्ट इथल्या शाळकरी पोरांना पाठ असते. रस्त्याकडेला बसून बांबूच्या टोपल्या विणत होता आणि मनात युद्धाचे डावपेच चाललेले. सैन्य आलं, बाजूला हो म्हणून ओरडले, याला पत्ता नाही. एका शिपायाने मांडीत भाला खुपसला तरी हा विणतोच आहे! त्रान हुंग दाओने तिथेच त्याला उचललं. आज त्या रस्त्यावर रात्री दोन वाजता जो गोंगाट चालतो त्यातही तो शांतपणे विणत बसला असता.

नदीकाठी त्रान हुंग दाओचा उंच पुतळा आहे, पाण्याकडे बोट दाखवणारा. सहज विचारलं तर टॅक्सीवालाही १२८८ सांगतो. सन चुकत नाही.

घाटरस्ता

रायरेश्वर, गनिमी कावा, वेषांतर... सगळं जुळतंय की. डोंगराळ मुलूख आणि मोठा शत्रू असला की लढाई आपोआप अशीच होणार, त्यासाठी कोणी कोणाचं चरित्र वाचायला नको. मलिक अंबरही हेच करत होता.

जुनाजाणता

माझं वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्या युद्धाच्या बातम्या आम्ही रेडिओवर ऐकल्या आहेत. कलकत्त्यात तेव्हा 'आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम' ही घोषणा भिंतीभिंतीवर होती. तिथल्या हॅरिंग्टन स्ट्रीटचं नाव बदलून हो चि मिन्ह सरणी केलं गेलं, आणि त्याच रस्त्यावर अमेरिकेची वकिलात! पत्त्यात त्यांना हो चि मिन्ह लिहावंच लागतं. बंगाली माणसाचा खवचटपणा.

नेहरू १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये हनोईला गेले होते, फ्रेंचांचा पराभव होऊन काही महिनेच झाले होते. हो चि मिन्ह १९५८ मध्ये भारतात आले. रानजाईच्या मैत्रिणीच्या आजोबांना नेहरू माहीत असणार ते यामुळे. खरे धागेदोरे आहेत हो, खोटे कशाला विणायचे?

सरळसोट

बरं, फॉरवर्ड खोटा, मान्य. पण गनिमी काव्याचे आद्य आचार्य महाराजच. व्हिएतनामींनी तेच तंत्र वापरलं हे तर खरं ना?

तर्कटी

पूर्ण खरं नाही. फ्रेंचांविरुद्धची निर्णायक लढाई दिएन बिएन फूची. १३ मार्च ते ७ मे १९५४. तो गनिमी कावा नव्हता, चक्क वेढा होता, तोफखान्यासकट. फ्रेंचांची समजूत अशी की या डोंगरांत अवजड तोफा येऊच शकत नाहीत. जनरल वो न्गुयेन जाप यांच्या माणसांनी त्या सुट्या करून, दोर लावून, हातांनी ओढून चढवल्या. तांदूळ सायकलींवरून. दांड्याला बांबू बांधून एकेका सायकलीवर दोन-दोनशे किलो, आणि माणूस शेजारून ढकलत चालणार.

जाप यांचं शिक्षण? हनोईच्या एका शाळेत इतिहासाचे मास्तर होते. सैनिकी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नेपोलियनच्या लढाया फळ्यावर रंगवून शिकवायचे. आणि सगळ्यात अवघड निर्णय कोणता होता म्हणून सांगायचे, तर जानेवारी १९५४ मध्ये हल्ला तोंडावर आलेला असताना तो रद्द करून तोफा पुन्हा मागे ओढायला लावणं. सैनिक हिरमुसले. पण घाईने केला असता तर हरलो असतो असं त्यांचं ठाम मत. १०२ वर्षं जगले, २०१३ मध्ये गेले.

अमेरिकेच्या वेळी तर रशियाची क्षेपणास्त्रं होती, चीनची रसद होती. दोन्हींना वगळून फक्त 'डोंगरातले वीर' उरवायचे, तर ते व्हिएतनामवरही अन्यायाचं होईल.

रानजाई

याला जोडून. स्वातंत्र्याआधी, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, चीनच्या सीमेवरच्या डोंगरांत लपलेले असताना हो चि मिन्हांनी देशाचा इतिहास सोप्या पद्यात लिहिला. आपल्या लोकांना आपला इतिहास माहीत हवा, अशीच त्याची सुरुवात. त्यात त्रुंग बहिणी, न्गो क्वेन, त्रान, ले लोय, क्वांग चुंग असे ओळीने येतात. निरक्षर शेतकऱ्यालाही पाठ व्हावं म्हणून पद्य. कोणाचं चरित्र वाचून लढले, याचं उत्तर हवं असेल तर ते इथे आहे. मैत्रिणीच्या आजीला त्यातला बराच भाग येतो म्हणे.

पानसुपारी

क्वांग चुंगचं नाव येतंय सारखं, गोष्ट मात्र कोणी सांगेना!

सायगावकर

@पानसुपारी, मी सांगतो. मूळ नाव न्गुयेन ह्वे. तिघा भावांनी मिळून बंड केलं, तायसोन बंड. १७८८ च्या शेवटी चीनच्या छिंग सैन्याने हनोई घेतली. याने ह्वे शहरात स्वतःला सम्राट घोषित केलं आणि उत्तरेला कूच. तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, हा इथला सगळ्यात मोठा सण. वाटेत त्याने सैन्याला सांगितलं, तेत आत्ताच उरकून घ्या, सातव्या दिवशी हनोईत पुन्हा करू. चिनी सैन्य सणाच्या धुंदीत होतं. हा पाचव्याच दिवशी शहरात! साल १७८९. अजून दर तेतच्या पाचव्या दिवशी हनोईत दोंग दा टेकाडावर जत्रा भरते.

तीन वर्षांनी तो वारला, वय चाळिशीच्या आसपास. मग प्रतिस्पर्धी जिया लाँग गादीवर आला आणि त्याने क्वांग चुंगचं थडगं उकरून विटंबना केली. क्वांग चुंगची शूर सरदार बुई थी स्वान हिला हत्तीच्या पायी दिलं. आता सरकारी इतिहासात क्वांग चुंग नायक आणि जिया लाँग खलनायक, पण ह्वेकडची जुनी घराणी यावर वेगळं बोलतात. देश आजच्या आकाराचा एकत्र केला तो जिया लाँगने, हा त्यांचा मुद्दा. सायगॉनमधल्या जिया लाँग रस्त्याचं नाव १९७५ नंतर बदललं. तेव्हा नायकांवरून भांडणं फक्त आपल्याकडे आहेत असं समजू नका.

घाटरस्ता

१७८९ म्हणजे आपल्याकडे महादजी दिल्लीत. काय काळ होता.

रानजाई, शत्रूच्या कबरीबद्दल काही सांगितलं का मैत्रिणीने? प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची आहे तसं?

रानजाई

@घाटरस्ता, विचारलं होतं! क्वांग चुंगच्या त्याच लढाईत छिंगांचा एक सेनापती, साम न्घी दोंग, याने गळफास घेतला. हनोईत पुढे चिनी लोकांनी त्याचं छोटं देऊळ बांधलं, क्वांग चुंगनेच परवानगी दिली असं सांगतात. हो स्वान हुआंग नावाची एक जहाल कवयित्री तिथून जाताना चार ओळी लिहून गेली. आशय असा की मी पुरुष जन्मले असते तर माझा पराक्रम एवढ्यावर थांबला नसता. मैत्रीण यावर जाम खूश असते.

आणि ले लोयने तर १४२७ मध्ये हरलेल्या मिंग सैन्याला परत जायला शेकडो नावा आणि हजारो घोडे दिले. कारण दयाही असेल, पण हिशेबही होता. चीन शेजारी आहे, तो कुठे जाणार नाही.

तर्कटी

त्यामागचं डोकं न्गुयेन त्राय. कवी, मुत्सद्दी, ले लोयचा सल्लागार. वेढ्यातल्या किल्लेदारांना पत्रं लिहून लिहून किल्ले खाली करवले त्याने. त्याच्याबद्दलची एक दंतकथा या धाग्याला अगदी शोभेल. झाडाच्या पानांवर चरबीने 'ले लोय राजा होणार, न्गुयेन त्राय मंत्री होणार' असं लिहिलं, मुंग्यांनी चरबी खाताना पानही कुरतडलं, अक्षरं उमटली. ती पानं ओढ्यात सोडली. खालच्या गावांतल्या लोकांना वाटलं, दैवी संकेत!

पंधराव्या शतकातला फॉरवर्ड. 'अभिमान वाटला तर पुढे वाहू द्या.'

या माणसाचं पुढे काय झालं तर १४४२ मध्ये राजहत्येचा आळ घेऊन त्याला कुळासकट मारलं. वीस-बावीस वर्षांनी, १४६४ मध्ये, ले लोयच्या नातवाने, ले थान तोंगने, त्याच्यावरचा डाग पुसला.

सरळसोट

हा पानांचा प्रकार भारी आहे. हरलो बुवा.

पण शिवा काशीदांबद्दल एक बोलायचंय. रानजाईताई, तुमच्या लेखात 'आधी तो आणि मग राजा' असं लिहून तुम्ही सूचकपणे आपल्याला टोमणा मारलाय. पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूरला त्यांची समाधी आहे, पन्हाळ्यावर पुतळा आहे. विसरलो कुठे?

रानजाई

टोमणा आहेच थोडा. समाधी आहे, पण पन्हाळ्याला जाणाऱ्या शंभर गाड्यांतल्या किती नेबापूरला वळतात? तिथे पुण्यतिथीला फुलं वाहणारे बहुतेक नाभिक समाजाचे लोक असतात. बाकीच्यांनी त्यांचा माणूस त्यांच्याकडे सोपवून टाकलाय. ले लायसुद्धा मुओंग या डोंगरी जमातीचा होता असं मानतात. पण त्याचं श्राद्ध राजघराण्याने करायचं होतं, त्याच्या जमातीने नव्हे. मला फरक दिसला तो इथे.

ले लायने जाण्यापूर्वी एवढंच मागितलं होतं की माझ्या पोराबाळांकडे बघा. ले लोयने देवासमोर शपथ घेतली: मी हे विसरलो तर राजवाड्याचं रान होवो, सोन्याच्या शिक्क्याचं तांबं होवो, तलवारीची बोथट सुरी होवो.

घाटरस्ता

आमचा गट दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतो. शेकडो मंडळी असतात त्या दिवसांत. सुरुवात बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून होते. पुढच्या वर्षी आदल्या संध्याकाळी नेबापूरला मुक्काम ठेवावा असं आत्ताच ग्रुपवर टाकलं. दोघांनी नाराजी दाखवली (एक तास जास्त चालावं लागेल), सात जण तयार.

तर्कटी

एक सावधगिरी. शिवा काशीद असोत की ले लाय, दोन्ही प्रसंगांचे तपशील बखरी, नंतरचे ग्रंथ आणि लोकपरंपरा यांतून आले आहेत. पालखीतल्या संवादांची वाक्यं ज्याची त्याने घातलेली. प्रसंग सांगा, संवाद जपून.

पंचांगवाले

उशिरा आलो. एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही वाटतं. व्हिएतनामी चांद्र महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. म्हणजे त्यांची १५ तारीख ही पौर्णिमा. आठवा महिना बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदाशी जुळतो. मग २१ म्हणजे वद्य षष्ठी आणि २२ म्हणजे वद्य सप्तमी. ले लाय आणि ले लोय या दोघांचीही तिथी ऐन पितृपक्षात येते! त्रान हुंग दाओची २० आहे, म्हणजे पंचमी.

अधिक महिना त्यांचा आणि आपला वेगवेगळ्या वेळी आला की महिनाभराची चूक पडते. २०२५ मध्ये तशी पडली होती. २०२४ मध्ये बरोबर जुळलं होतं.

सायगावकर

@पंचांगवाले, कमाल! इथे म्हण आहे, आठव्या महिन्यात बापाचं श्राद्ध, तिसऱ्या महिन्यात आईचं. बाप म्हणजे त्रान हुंग दाओ, आई म्हणजे ल्येउ हान्ह देवी. ऑफिसात कोणाला पितृपक्ष समजावून सांगायची वेळ आली की आता सोपं जाईल.

रानजाई

पंचांगवाले, तुमचा प्रतिसाद तिला जसाच्या तसा इंग्रजीत करून पाठवला. तिने विचारलंय की तुमच्याकडे श्राद्धाला ताटात काय वाढतात. आमच्याकडची यादी दिली, खीर, वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. ती म्हणते, कोंबडी नाही? मग पूर्वज येतात कशाला?

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी आपापली ताटं इथे लिहावीत, मी पोचवते.

पानसुपारी

आमच्याकडे आळूचं फदफदं आणि काकडीची कोशिंबीर हवीच. आणि कोंबडीचं म्हणाल तर तिला सांगा, सर्वपित्रीला सगळ्यांची ताटं सारखी नसतात, घराघराप्रमाणे बदलतात. काही घरांत पूर्वजांच्या आवडीचं असतं, आणि आमच्या आजोबांची आवड मी इथे लिहीत नाही.